साबणदाणीचं हळदकुंकू

आईला पालींचा भयंकर तिटकारा, आणि मी पालीच्या पायांची नक्कल करून पोट भरते. मुलुंडमधल्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही चिकटपट्टी बनवतो. पालीच्या पावलांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, तसे रबरावर उमटवतो. पाणी लागलं की त्यांची पकड सुटते, म्हणून वर शिंपल्याच्या चिकासारख्या द्रव्याचा थर देतो.

"इतक्या शिकान शेवटाक पालीचे पाय धरलंस?" आई म्हणायची. शिंपल्यांचं मात्र तिला पटलं. लहानपणी मालवणात तिने खडकावरून शिनाणे, म्हणजे तिथले काळे शिंपले, खरवडून काढले होते. "लाटेन कधी सुटनत नाय ते," ती म्हणाली, जणू शोध तिचाच.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली. स्टुलावर बसून खाली ठेवलेला साबण घ्यायला वाकली आणि तोल गेला. मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण मी हादरले. भिंतीवर उंच साबणदाणी लागेपर्यंत आतून कडी लावायची नाही, असा हुकूम मीच काढला. टाइल्सना भोक पाडायला सोसायटीची बंदी, खालच्यांच्या छताला ओल येते म्हणून. रबरी वाटीच्या साबणदाण्या दोन दिवसांत खाली यायच्या.

मग आई दार लोटून आंघोळ करायची आणि मी बाहेर उभी राहायचे. आयुष्यभर दाराला कडी लावून निवांत न्हाणारी बाई पाच मिनिटांत लुगडं गुंडाळून बाहेर. तिला लाज वाटायची, आणि मला तिची ती लाज बघवत नसे.

शेवटी साहेबांना विचारून पट्टीचा एक तुकडा घरी आणला. कोरड्यात, पाण्यात, दोन्हीकडे तो पास झाला होता. स्टीलच्या साबणदाणीच्या पाठीला लावला, वरचा कागद सोलला, तेवढ्यात बेल वाजली. शेजारीण होती, गप्पांना ऊत आला. मी परत येईपर्यंत आईने दाणी स्वतःच भिंतीवर दाबून बसवली होती. चेहरा इतका खुललेला, की मी दाणी काढून तपासलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या मध्येच खण्णकन आवाज. मी धाडकन आत. आई स्टुलावर सुखरूप होती, अंगाशी टॉवेल धरून, मान खाली घालून. दाणी मोरीत पडलेली. माझं डोकंच फिरलं. पाण्यात टिकते म्हणून छाती ठोकून सांगितलं होतं ना मी! दाणी उचलून उलटी केली, तर पट्टीवर पिवळे-लाल डाग.

"हे काय?"

"नवी वस्तू, ती पण तुज्या हातची. हळदकुंकू लावूक नको?"

फ्रिजला लावलं, मिक्सरला लावलं, माझ्या लॅपटॉपलासुद्धा लावलं होतं तिने. दाणी ओट्यावर पालथी पडली होती, म्हणून यावेळी हळदकुंकू नेमकं पट्टीवर गेलं आणि त्या केसांच्या फटी भुकटीने बुजून गेल्या. मी तिच्यावर जोरात खेकसले. मग लगेच वाईट वाटलं आणि हसूही आलं. प्रयोगशाळेत आम्ही किती काय काय करून पाहिलं, पण हळदकुंकवाची चाचणी कुणालाही सुचली नव्हती.

पट्टी नळाखाली धुतली, वाळवली, पुन्हा दाबून बसवली. आठवडाभर मी रोज तिच्यावर तांबे भरभरून पाणी ओतलं, दाणीत साबणाच्या दोन जाड वड्या ठेवल्या. हलली नाही.

"आता पुढल्या बाजूक लावू?" आईने विचारलं. करंडा मीच हातात धरला. तिने दाणीला बोटं टेकवली, मग आत गेली आणि कडी लावली.

मी सवयीने बाहेर उभीच.

"थंय उभी रवू नको गो," आतून आवाज आला. "जा, चाय ठेव."

मी चहा ठेवला. आई अर्ध्या तासाने बाहेर आली. चहा मला दोनदा गरम करावा लागला, आणि एरवी अशा गोष्टीवर चिडणारी मी, त्या दिवशी मजेत गॅसपाशी उभी होते.