पालथ्या वाटीतली सोनी

आमच्या कुपोषित पोरांच्या वॉर्डात किस्से साचतात. चार्टवर वजनाला रकाना आहे, तापाला आहे, जुलाबाला आहे, किस्स्याला नाही. मग चहाच्या वेळी आम्ही ते एकमेकींना सांगतो, पोट धरून हसतो, आणि हसून झालं की कुणी कुणाकडे बघत नाही. मोखाड्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला माझा, तरी हे सगळे किस्से एकाच पोरीचे. सोनी. सव्वा वर्षाची. हाडं आणि डोळे, बस्स! आई जनी, वांगणीकडची. चौदा दिवस भरती ठेवली तर पोर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. पण बाप लहानू पहिल्याच दिवशी बजावून गेला, "मुकादमाचा टेम्पो आला का आम्ही वीटभट्टीवर जाणार. मग थांबायचं नाय."

*

दुसऱ्या दिवशी जनीला वाटी-चमचा दिला. बघते तर बाईने खिमट ताटलीत ओतलेलं, आणि रिकामी वाटी पालथी करून सोनीच्या तोंडासमोर धरलेली.

"अगं, भरवायला दिलीय ती, आरसा नाही!" मी खेकसले.

"बाय, हितं बघ ना. हिच्यात सोनीला गाल हायेत!"

वाकून पाहिलं. वाटीच्या फुगवट्यात पोर खरंच गुबगुबीत दिसत होती! आमच्या आयाबाई, पार्वतीमावशी, मागून म्हणाल्या, "सिस्टर, वजनपण त्या वाटीतच करा की!"

हसलो आम्ही. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

*

शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं देतो आम्ही. आतून चंदेरी असतात. जनीने ती कापली, धुतली, उलटी केली आणि दोऱ्यात ओवून कॉटला तोरण बांधलं. राउंडला आलेले डॉक्टर दचकले.

"कुणाचं लग्न आहे इथे?"

तोरणात चारच पाकिटं होती. माझ्या चार्टवर मात्र अकरा! मी जनीला विचारलं, "बाकीची कुठायत गं?"

"ती सोनीने अर्धीच खाल्ली. ती कशी लावू? तोरण खोटं व्हईल ना!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे. 'पूर्ण खाल्ले' असं मीच लिहिलं होतं ना, न बघता!

*

नळाचं तर विचारूच नका. जनी उठसूट नळ सोडायची आणि नुसती उभी राहायची. मावशी ओरडल्या, "पाणी फुकट घालवतेस होय गं?"

"घालवत नाय. ऐकतेय."

तिच्या पाड्यावर पाणी डोक्यावरून येतं. डोक्यावरच्या पाण्याला कसला आलाय आवाज! त्या दिवसापासून मावशीच तिला सांगायला लागल्या, "जा गं, जरा ऐकून ये."

*

मुंबईहून पाहुणे येऊन एक बाहुली देऊन गेले. ही एवढी मोठी! गोरीपान, गाल टम्म, मांड्यांना वळ्या. सोनीने तिला बघून भोकाड पसरलं. जनी मात्र तिच्या मांड्या दाबून दाबून बघत होती.

"बाय, हिला काय भरवतात?"

वॉर्ड हसला. जनी नाही हसली. तिला खरंच उत्तर हवं होतं. सोनीला दोन दिवसांपासून ताप होता आणि कमावलेलं सगळं वजन त्यात गेलं होतं.

*

नवव्या दिवशी टेम्पो आला. लहानू गाठोडं घेऊन दारात.

"अरे, पाचच दिवस राहिलेत! हात जोडते तुला."

"भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते, बाय. एकट्याला मुकादम घेईल कं?"

डॉक्टरांनी समजावलं, मी भांडले, मावशींनी तर शिव्याच घातल्या. काही उपयोग झाला नाही. 'आमच्या जबाबदारीवर नेतो' या कागदावर लहानूने अंगठा दिला.

सोडताना दंडाचं माप घ्यावं लागतं. पट्टी दंडाभोवती गुंडाळायची, की तिच्यावरच्या फटीत रंग दिसतो. तांबडा म्हणजे धोका, पिवळा म्हणजे जपा, हिरवा म्हणजे पोर ठीक. सैल धरली तर कुठलंही पोर हिरवं! म्हणून ट्रेनिंगमध्ये घसा कोरडा होईस्तोवर सांगतात, पट्टी सैल सोडू नका. सोनी आली तेव्हा रंग तांबडा होता, जातानाही तांबडाच.

"बाय, सैल धर ना जरा," जनी म्हणाली.

"जने, असं चालत नाही. तांबडा तो तांबडाच."

"तो तुझ्या वहीत लिव. मना म्हाईत हाये." तिने सोनीचा दंड माझ्यापुढे केला. "हिच्या अंगावर हिरवा कसा दिसतो, तेवढं एकदा बघते."

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी वहीत तांबडा लिहिला. सही केली. मग पट्टी सैल सोडली.

जनी कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने दारातल्या लहानूला हाक मारली.

"इकडं ये, बघ तरी! शोभतो कनी हिला?"