सेत्तिमिओची वळणं

इटलीतल्या लिगुरियात डोंगरउतारावरची सायकलींची नवी वाट सत्तरीच्या सेत्तिमिओनं बांधली होती. पोरं त्याला सायकलीचा उस्ताद म्हणत, आणि तोही म्हणवून घेई. उद्घाटनाला सगळे ओरडले, "काका, पहिले तुम्ही!"

"गुडघा दुखतोय," तो पुटपुटला.

"कुठला?" बायको देल्फिना म्हणाली. "अहो, सायकल येत नाही म्हणून सांगून टाका की!"

आता उस्तादकी गेलीच. त्याचे कान लाल झाले.

"मग वळणं कशी आखलीत?" पोरांनी विचारलं.

"दगडांची एकचाकी गाडी ढकलत. दगड सांडले, तिथं वळण रुंद केलं."

"मग तीच घ्या, पण पुढे तुम्हीच!"

तो ऐटीत निघाला. तिसऱ्या वळणावर गाडी उलटली आणि तो झुडपात गडप झाला.

"हे हातभर रुंद करायला हवं," आतून आवाज आला.