दांड्याची चिंधी

चहा उतू जायच्या बेतात होता. नात एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होती आणि सून नेहमीसारखी भिंतीशी बोलत होती. तिने बोलायचं भिंतीकडे बघून आणि ऐकायचं सासूने, अशी त्या घराची रीतच होती.

"काल पुन्हा भातात खडा. ह्यांची दाढ वाचली म्हणून बरं. एवढेसे तांदूळ निवडायला दिले, तर तांदूळ गेले आणि खडे राहिले! मुद्दाम कोण करेल म्हणा असं."

मावशी दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. मावशी हे त्यांचं हॉस्पिटलातलं नाव. घरात त्या आई होत्या, पण घरात त्यांना हाक मारायची वेळ फारशी कुणावर येत नसे. अंगात कामाचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डब्याची पिशवी. एव्हाना एरवी त्यांचं अर्धं वॉर्ड पुसून झालेलं असायचं.

"आई, आज जायचं नाही वाटतं?"

"जाते की," असं म्हणून मावशी बसूनच राहिल्या.

तेवढ्यात दार वाजलं. नात लंगडी घालतच धावली. दारात हॉस्पिटलातल्या सफाईची सुपरवायझर उभी होती. पंधरा वर्षांपूर्वी हीच पोरगी पोछा पिळताना रडायची. फिनेलने हात सोलवटले होते तिचे. पोछा मनगटाने नाही, कोपरापासून पिळायचा, हे तिला मावशींनी शिकवलं. आता हॉस्पिटलात मावशी तिला मॅडम म्हणत, पण ती मात्र त्यांना मावशीच म्हणायची.

"बस," मावशी म्हणाल्या. "चहा घे."

"नको मावशी. चहा घेतला तर जे बोलायला आलेय ते बोलवायचं नाही."

सुनेने गॅस बंद केला.

काय बोलायचंय ते मावशींना ठाऊक होतं. कालपासून त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

नवरा गेल्यावर पोटासाठी मावशींनी हे काम धरलं. जळीत वॉर्ड मिळालं, कारण तिथे जायला कुणी तयार नसायचं. पहिले कितीतरी दिवस डबा तसाच परत यायचा. तो वास केसांत बसायचा, स्वप्नात यायचा. मग एकदा बस चुकली आणि त्यांना पोचायला उशीर झाला, तर कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक म्हातारबाबा, ज्यांना भेटायला येणारं कुणी उरलं नव्हतं, पट्ट्यांच्या आतून कुरकुरले, "आज उशीर केलात. मला वाटलं, तुम्हीपण दांडी मारली." मावशी बादली हातात धरून उभ्याच राहिल्या. आपण आलो नाही, तर कुणाचं तरी अडतं? त्या दिवशी त्यांनी वॉर्ड दोनदा पुसलं. तेव्हापासून डबा रिकामा घरी यायला लागला.

त्या वॉर्डात नातेवाइकांना काचेबाहेरूनच बघावं लागे. डॉक्टर यायचे, सिस्टर यायच्या, पण ते जखमेशी बोलायचे. खाटेखाली वाकून माणसाशी बोलणाऱ्या मावशी एकट्या. बाहेर ऊन आहे का ढग, शिपायाने मिशी काढली, कँटीनवाल्याची मांजर चौथ्यांदा बाळंत झाली, असल्या बातम्या त्या बादलीबरोबर फिरवायच्या.

सध्या खिडकीजवळच्या खाटेवर लाँड्रीत वाफेने भाजलेली एक बाई होती. सगळी पाठ गेलेली. महिनाभर पालथी. खाटेच्या कडेवरून मान खाली सोडली की तिला दिसायची ती फक्त फरशी.

"मावशी, फार चकचकीत नका हो करू," ती म्हणायची. "माझं तोंड दिसतं."

"मग बघ की. तोंडाला काय झालंय? तोंड तर शाबूत आहे, म्हणून तर एवढी बडबडतेस!"

ती हसायची. हसलं की पाठीला ओढ बसायची, मग एकाच दमात कण्हायची आणि मावशींना शिव्या द्यायची. मावशींना त्या शिव्या ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

गेल्या हिवाळ्यापासून मावशींच्या नजरेत मधोमध धुकं बसलं. समोर माणूस आलं की कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजलाय. गेलं ते येणार नाही, राहिलंय ते सांभाळा. मावशींनी घरी सांगितलं नाही, कामावर सांगितलं नाही. झाकली मूठ. फरशी तर पायांना पाठ होती. कडेचं दिसायचं, म्हणून कोपरे उलट जास्तच लख्ख निघायचे. सिस्टर कौतुक करायच्या.

अडचण एकच होती. संडासाचा मॉप लाल दांड्याचा, वॉर्डाचा निळ्या दांड्याचा, आणि त्यांची कधी सरमिसळ होऊ द्यायची नाही हा तिथला पहिला नियम. मावशींना आता दोन्ही दांडे गढूळ पाण्याच्या रंगाचे दिसत. म्हणून त्यांनी निळ्या दांड्याला मुठीपाशी एक चिंधी घट्ट गुंडाळली. कुणी विचारलं की म्हणायच्या, "हाताला घट्टे पडतात गं." चिंधी हाताला लागली की वॉर्ड, नाही लागली की संडास. महिनोन् महिने एकदाही चूक झाली नाही.

काल सकाळी सामानाच्या खोलीत गेल्या, तर दोन्ही दांडे गुळगुळीत. आदल्या दिवशी नवे मॉप आले होते आणि जुने चिंधीसकट कचऱ्यात गेले होते. मावशींनी दोन्ही दांड्यांवरून हात फिरवला. वास घेतला, तर दोन्हींना फिनेलचाच वास. बाहेर शिपाई होता, सिस्टर होत्या. "अरे, यातला निळा कुठला?" एवढं एक वाक्य विचारायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण विचारलं की मूठ उघडली, आणि मूठ उघडली की वॉर्ड सुटलं. नेहमी उजवीकडचा आपला असतो, असं मनाशी म्हणत त्यांनी उजवीकडचा उचलला.

खिडकीजवळच्या खाटेखाली वाकलेल्या असताना सिस्टर ओरडल्या. मावशींच्या हातात लाल दांड्याचा मॉप होता. लाँड्रीवाली म्हणाली, "काय झालं? सिस्टर का ओरडतायत?" सगळं वॉर्ड रिकामं करून धुतलं गेलं. मावशींना घरी पाठवलं.

"लाल-निळं कळत नाही तुम्हाला?" सुपरवायझरने हळू विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

सुनेच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "म्हणजे ते तांदूळ..." ती पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता बोलली. "आई, बोलायचं तरी! मला वाटायचं, मी बोलते म्हणून तुम्ही..."

"तुझ्या बोलण्याने खडे दिसले असते तर रोज ऐकलं असतं," मावशी म्हणाल्या.

सुपरवायझर पुढे सरकली. "ऐका. मी वरती सांगते, नवे मॉप मीच उलटसुलट ठेवले. मला बोलतील चार शब्द, ऐकून घेईन. तुम्हाला चादरी घड्या करायला बसवू. तिथे रंग ओळखावे लागत नाहीत."

"नको."

"का नको?"

"मॉप तू नीट ठेवले होतेस. मी विचारलं नाही. विचारायला तोंड होतं, विचारलं नाही." मावशींनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. हात परत घेताना स्टुलाची कड शोधावी लागली. "बाकीचे कसे आहेत?"

"ठीक आहेत."

"आणि लाँड्रीवाली?"

सुपरवायझरने नातीच्या एका मोज्याकडे बघितलं. "रात्रीपासून ताप आहे. खूप आहे. शिव्या देत नाही, काही बोलतच नाही."

रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"माझ्याने?"

"डॉक्टर म्हणतात, भाजलेल्या माणसाला ताप कशानेही येतो. कालच्याने आला असेल, नसेलही. ते कधीच सांगता यायचं नाही मावशी."

"कधीच नाही?"

"नाही."

मावशींनी कोटाची बटणं काढली. कोटाची घडी घातली, चुकली, पुन्हा घातली. सून मदतीला आली, तर तिचा हात त्यांनी बाजूला केला. मग घडी घातलेला कोट सुपरवायझरच्या हातात दिला आणि तिचा चेहरा असेल त्या बाजूला तोंड केलं.

"काम नको मला. चादरी नकोत. माझ्यावर पांघरूणही घालू नकोस. फक्त तिचा ताप उतरला की येऊन सांग. नाही उतरला, तरी येऊन सांग."