हलको केलेलो कंप्युटर

तेवा घरात आम्ही तिघाच होतो: मी, माजी सून आणि कणकवलेसून इलेलो सुनेचो भाव. माजो झील, म्हणजे सुनेचो नवरो, जहाजार होतो. आठवड्याक तेची एक चिठी कंप्युटरात येय, टेलिफोनच्या वायरीतसून. माका वाचूक येणा नाय, सून वाची. माजो घोव दर्याक गेलो तो परत येवक नाय. म्हणून चिठी इली म्हणजे झील जितो आसा, माका इतकाच कळा.

कंप्युटर मुंबयच्या कुठल्यातरी हापिसातलो, जुनो. तो सुरू होयसर माजी बांगड्यांची पाटी साफ करून होय. सुनेचो भाव म्हणालो, "मावशी, जुन्या यंत्राक जड सामान झेपणा नाय. आतला सगळा काडून हलका घालतंय." दुपारभर बसलो. मगे बटन दाबल्यान, आणि माजे दोन बांगडे साफ होवच्या आधी पडदो उजाडलो. निळो पडदो, खाली एक पट्टी, बाकी काय नाय.

"झालो हलको!"

तो जेवूक बसलो तशी मी गेलंय आणि कंप्युटराचो डबो दोनय हातांनी उचलून बघलंय. होडयेतला वजन काडला तर वडताना हाताक कळता. ह्यो होतो तितकोच जड!

सून हसाक लागली, "आये, माशे तोलतास काय?"

"हस मेल्ये," म्हटलंय, नि ठेवलंय खाली.

भाव कणकवलेक गेलो नि दुसऱ्या दिवसापासून चिठी बंद. कंप्युटर चटकन सुरू होय नि चटकन सांगा, फोन लागणा नाय. आधी सुरू होयसर तरी आशा असायची. आता तीय नाय. मी दारात जाय, आत येय, परत दारात.

सून भावाक फोनार बोलली, "जड होतो तोच बरो होतो! तुज्या हलक्यान माज्या घोवाची चिठी गिळल्यान."

तो येवन दिवसभर खटपट करून गेलो. जाताना पाणीय घेवक नाय.

तीन आठवडे झाले. झाडू मारताना डब्यामागची टेलिफोनची वायर दिसली. भोकात होती, पण ढिली. डबो उचलताना थयसरच माजी बोटा लागलेली. दाबलंय, टक झाला.

"बस बघू परत," सुनेक म्हटलंय.

तीन चिठये एकदम इले. झील बरो होतो. सून रडली. माज्या तोंडातसून मात्र खरा काय भायर पडाक नाय. भाव त्या वर्सा गणपतीच्या चवथीक येवक नाय, मगेय नाय.

आता सांगून लिवून घेतलंय. जो कोण ह्या वाचीत, तेना कणकवलेक सुनेच्या भावाक सांगूचा: वायर म्हातारेन वडलेली. तुजो हलको बरोच होतो. भयणीच्या घराक ये.