सकुबाईच्या हातचं न्हाणं

अकरा दिवस झाले, वैशाखरे गावात ऊन म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. लावणी उरकली होती, खाचरं हिरवी धरू लागली होती. पण ढग घाटावरून असे खाली उतरून बसले होते, की सकाळ झाली हे फक्त कोंबड्यालाच ठाऊक. सकुबाईने चूल फुंकली, चहाचं आधण ठेवलं आणि वलणीवरचं लुगडं चाचपून पाहिलं. परवाचं धुतलेलं, अजून दमट. "ऱ्हा बाबा तसंच," म्हणत तिने खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेतली आणि खालच्या आळीला निघाली. ताराबाईच्या नातीला न्हाऊ घालायचं होतं.

तीस वर्षं तिचं हेच काम. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, पोर पोटऱ्यांवर उपडं घालायचं. आळीतले निम्मे बापये तिच्या पायांवर रडून मोठे झालेले. मिशा फुटल्यावर त्यांतला कुणी "काय म्हातारे" म्हणाला, की ती भर रस्त्यात ऐकवायची, "गप रे! तुझं काय काय धुतलंय ते सांगू का?"

ताराबाईची सून भावना कल्याणची. बाळंतपण माहेरी झालं, बारसं झालं, पोरीचं नाव स्नेहल ठेवलं. आणि त्यातच जुलैच्या पावसात माहेरच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं. हौसेनं शिवलेली दुपटी, लंगोट, सगळं गाळात गेलं. मग नवरा, प्रणित, तिला सासरी सोडून कामावर परतला. बरोबर तान्ही पोर आणि डायपरचं एक मोठं पाकीट, एवढाच संसार.

सकुबाई न्हाऊ घालायला येऊ लागल्याला आज सहावा दिवस. सकुबाईने पोरीची ती कागदी चड्डी सोडली आणि तिचा हात तिथंच थांबला. ढुंगण लालबुंद, मांड्यांवर पुरळ, चड्डीच्या कडेपर्यंत कातडी सोलल्यासारखी. पाणी लागताच पोर किंचाळली.

भावना खोलीतून धावत आली. "अगं बाई! मावशी, हे तुमच्या तेलानं झालंय. ते डाळीचं पीठ चोळता ना, त्यानं! माझ्या आईकडे होती तेव्हा लोण्यासारखी होती."

"बाय, तेल मी डोक्याला लावते, छातीला लावते, पाठीला लावते. तिथं एक तरी पुळी दाव."

"मला काही दाखवू नका. तुम्ही उद्यापासून येऊ नका, बस्स." आणि ती रडायला लागली. पुरानंतर तिला रडायला निमित्तच लागत नसे.

असं सकुबाईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पोरीला टिपताना तिला मांडीला चिकटलेले दोन-चार दाणे दिसले. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, पारदर्शक, गिळगिळीत. चिमटीत धरून पाहिले. तिच्या वाटीत असलं काही नव्हतं.

पोर आईच्या हाती देऊन, धुरीला विस्तव आणायला म्हणून ती मागच्या पडवीत गेली. तिथं निखाऱ्यांवर बांबूचं डालगं उपडं घातलेलं, पावसाळ्यात बाळोती वाळवायला घालतात तसं. वर जुनेर पसरलेलं. तिने जुनेर उचललं. खाली दोन कागदी चड्ड्या, धुतलेल्या. प्लास्टिक आचेनं आकसलेलं, पोटात गोळे झालेले, आणि फाटल्या जागेतून तेच साबुदाणे बाहेर डोकावत होते.

"सकू, झाक ते." ताराबाई दाराशी उभी होती, हातात फुंकणी.

"तारे, काय गो हे? ही धुवाची वस्तू हाय का?"

"आत कापूस दिसला. म्हटलं, धुतला तर काय बिघडतंय?" ताराबाईचा आवाज खाली गेला. "पाकीट संपत आलं म्हनून रडत होती ती. घरचं सगळं वाहून गेलेलं, त्यात यष्ट्या बंद, नवं आनतंय कोन? दिवसा तिच्या हातात नवीन देते. रातच्याला ती झोपते, मीच बदलते, तवा धुतलेली घालते. पाकीट पुरतंय बघून तिला बरं वाटाचं गो."

"आणि खापर माझ्या तेलावर?"

"तिला सांगू नको. शहरातली पोर, मला घाणेरडी म्हनंल."

सकुबाईला एक हाक मारायचाच अवकाश होता. आत भावना होतीच. पण तिला तिची सासू आठवली. आपला मुलगा गणू तान्हा असताना, अशाच पावसात, सकुबाईने झोपेच्या भरात ओलीच बाळोती गुंडाळली होती, आठवडाभर. मांड्या अशाच सोलल्या. सासूने घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. दोन दिवस गणूला उघडाच मांडीवर घेऊन बसली.

ती आत आली. "नाय येणार उद्यापासून. पण दोन दिस माझं ऐक. तिला काय घालूच नको. मऊ जुनेरावर उघडी ठेव. नुसत्या पाण्यानं धू, टिपून घे, घासू नको. पावडर नको, माझं तेलबी नको तिथं."

"आणि सगळं ओलं करील ती?"

"करू दे. ती मुतून मुतून किती मुतंल? कल्याण बुडवंल काय?"

भावनाच्या तोंडावर हसू यायला लागलं, पण तिने ते गिळलं. तेलाची वाटी मात्र तिने उचलून सकुबाईच्या हातात दिली.

तीन सकाळी सकुबाईच्या रिकाम्या गेल्या. सवयीनं जाग यायची, पाणी तापायचं, आणि न्हाऊ घालायला कुणीच नसायचं. नळावर गेली तर आळीतल्या बाईजाने बायकांशी चाललेलं बोलणं मध्येच तोडलं. सकुबाईने हंडा भरला आणि मान खाली घालून परत आली.

चौथ्या दिवशी ताराबाई दारात. भिजलेली, धापा टाकत.

"सांगितलं गो मी तिला."

"कशाला सांगितलंस?"

"मंग काय करू? बाईजा नळावर सांगत सुटली, सकूच्या तेलानं पोर सोललं म्हनून. गोजरची सून पुढल्या महिन्यात बाळंत होनार, ती म्हनली, आमी दुसरी बाई बघू. मला घास उतरंना." ताराबाईने पदराने तोंड पुसलं. "यष्ट्या चालू झाल्या, प्रणित आला, त्यानं मुरबाडला डाक्तरकडं नेली. डाक्तर म्हनला, ओलं अंगाला चिकटून ऱ्हायलं की असंच होतंय, कापड असो नाय तर कागद. मलम दिलं. आता सुकलंय बघ. नळावरबी सांगून आले मी, बाईजाच्या तोंडावर."

"आणि सून?"

"पाकीट उचललं, आत बघितलं. मंग बोलली, 'तरीच संपत नव्हतं! आई, मला विचारायचंत तरी.' तेवढंच. मंग माझंच जुनं लुगडं फाडत बसली, बाळोती कराला."

सकुबाईने खोळ डोक्यावर घेतली.

भावना न्हाणीच्या दारात पोरीला घेऊन उभी होती. तेलाची वाटी तिनेच कोमट करून पाटाजवळ ठेवली होती. "मावशी, मी त्या दिवशी..."

"ते ऱ्हाऊ दे. पाणी निवलंय." सकुबाईने हंड्यात कोपर बुडवून पाहिलं. "तारे, लाकडं ओली घातलीस गो सगळी. दे ती फुंकणी इकडं." आणि ती चुलीपुढे वाकून, डोळे मिटून फुंकायला लागली.