सोडला बघा

सोलापुरात आमच्या औषध कंपनीला इंटरनेट देणाऱ्यांचं ऑफिस रस्त्यापलीकडंच आहे. तिथं अडकलेले मेल बघणारा एकजण बसतो. बसतो कसला, सारखा या पायावरून त्या पायावर होत असतो. आमच्या मेलमध्ये औषधांची नावं असतात, म्हणून त्यांच्या संगणकाची चाळणी आमचे अहवाल फसव्या जाहिराती समजून अडवते. मग मी तिकडं जायचं आणि त्यानं मेल हातानं मोकळा करायचा. ‘सोडला बघा,’ म्हणतो आणि लगेच पाठ फिरवतो.

गेल्या महिन्यात मात्र पाठ फिरवली नाही. ‘साहेब, बीपी-शुगरची एकत्र गोळी विरघळंना झालीय व्हय?’

मी चिडलो. ‘तुम्ही आमचे मेल वाचता?’

‘वाचल्याबिगर कसं कळंल, जाहिरात हाय का खरं?’ पाय हलतच होता. ‘आई दोनातली एक गोळी रोज इसरती की. ही एकच कवा येनार?’

‘येईल लवकर,’ मी बोलून गेलो.

काल ती गोळी चाचणीत पुन्हा फसली. तसं कळवणारा माझा मेल त्याच्याकडं अडकून पडलाय. सकाळपासून तीनदा त्या दारावरून गेलो, आत पाऊल टाकवलं नाही.