सुईच्या जखमेला मोरचूद

आमच्या निफाडकडच्या बायकांना द्राक्षाच्या पानावरचा डावणी रोगाचा डाग चालत्या गाडीवरूनही दिसतो. तेव्हा पन्नाशीतली मी तर त्यांची सरदारच. छाटणीनंतर रोज सकाळी बागेत शिरायचं, पान उलटून बघायचं आणि ह्यांना हाक मारायची, "अहो, आजच्या आज फवारा! उद्या सगळ्या बागेत पसरेल."

त्याच हुशार बाईच्या हाताला दिवाळीत उटणं लावताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ लागली. तर ती काय म्हणाली? "माल निघू दे, मग बघू."

माल निघायला उन्हाळा उजाडणार होता. तोवर मी गुपचूप हळदीचा लेप सुरू केला. गाठ दुखत नव्हती, म्हणजे साधीच असणार, हा शोधही माझाच.

संक्रांतीला लेक माहेरी आली आणि धुणं वाळत घालता घालता थबकली.

"आई, ब्लाऊजला हळद कशी गं?"

"पोह्यांची उडाली."

"आतून?"

दुसऱ्या दिवशी लेक आणि ह्यांच्यासोबत मी नाशिकला डॉक्टरीणबाईंसमोर. त्यांनी गाठ तपासली, काख चाचपली आणि म्हणाल्या, "सुई घालून तुकडा काढू, म्हणजे कळेल."

मी पदर घट्ट धरला. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "सुई लावू देऊ नको. डिवचलं का लय पसरतं." आणि मलाही ते पटलं होतं. वेल छाटली की उघड्या जखमेतून रोग शिरतो, म्हणून आम्ही कापल्या जागी मोरचूद-चुन्याची पेस्ट फासतो. एवढं ज्ञान गाठीशी असताना गप्प कशी बसणार?

"बाई, सुई घाला, पण वर मोरचूद लावा."

ह्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "थोडा चुनाही लागेल." लेकीने कपाळावर हात मारला.

डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "काकू, कॅन्सर असला तरी सुईने तो पसरत नाही. गाठीचा स्वभाव कसा आहे, ती किती भरभर वाढते, तिला शरीरातल्या कुठल्या हार्मोनचं खत मिळतं, आणि तुम्ही तिला किती दिवस बसू देता, यावर सगळं ठरतं. बाहेर पडायचं म्हटलं की ती बहुतेक वेळा आधी काखेत सगळ्यांनाच असतात त्या लसिकागाठी गाठते. ती तसली आहे का आणि तिथे पोचली का, तेवढंच आता बघायचंय."

तेवढंच! दिवाळी ते संक्रांत मी तिला बसायला पाट दिला होता.

कॅन्सरच निघाला. ऑपरेशन झालं. काखेचा रिपोर्ट येईपर्यंत हे वेलींची पानं उलटून बघत बसले. बागेत रोग नव्हता, तरी.

रिपोर्ट आला. काखेतली एकच गाठ बाधलेली, पुढे कुठे काही नाही.

"म्हणजे एकाच पानावर डाग?" ह्यांनी विचारलं.

"हो. पण फवारणी पूर्ण करायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एव्हाना त्यांनाही आमची भाषा लागली होती.

फवारणी म्हणजे केमो. केस गेले, भुवया गेल्या, सासूबाई म्हणाल्या, "वेल बोडकी करतात तशी खरड छाटणी झाली बघ." मी इतकी हसले की टाक्यांची जागा ओढली. मग रेडिएशनचा शेक, मग गाठीचं खत तोडणारी रोजची गोळी. वजन वाढू द्यायचं नाही म्हणून बांधावरून फेऱ्या. चरबीतूनही ते खत तयार होतं म्हणे, आणि माझ्याकडे तर त्याचं गोदामच होतं.

आता नातवंडं खांद्याला लागलीत. पण हळदीकुंकवात हळद लावताना मी प्रत्येकीच्या कानात विचारतेच, "ब्लाऊजच्या आतून तर लावत नाहीस ना?" बायका फिदीफिदी हसतात.

यंदा शेजारची सून हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभी.

"आजी, आमचा पण माल चाललाय. निघाला की जाऊ दाखवायला?"

मी चपला शोधायला लागले. "माल राहू दे वेलीवर. तू गाडीत बस."